कोंडाळ्यातली सिगरेट

सिगरेट अन्वरच्या हातातून निघाली, माझ्या नाकासमोरून गेली आणि सुहासच्या हातात पोचली. सुहासनं झुरका घेतला आणि माझ्या एकांकिकेबद्दल बोलायला सुरुवात केली.

"मला वाटतं दादा, शेवटाला बाईनं रडायला पाहिजे. मोठ्यानं. आणि मागं सनई."

"सनई कशाला?" मी म्हणाले. "तिथं सनईचा काय..."

"विजू," भूषणदादा म्हणाला, "कुणाच्या हातात आहे?"

"सुहासच्या."

"मग त्याचं होऊ दे की."

सिगरेट सुहासकडून भूषणदादाकडे गेली. तोही बोलला. मग ती परत अन्वरकडे आली, आणि पुन्हा माझ्या नाकासमोरून पलीकडे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कऱ्हाडच्या आमच्या कॉलेजच्या जिमखान्यामागं बापूची टपरी होती. एकांकिकेची तालीम सुटली, की सगळे तिथं कोंडाळं करून उभे राहायचे. भूषणदादाला कॉलेज सोडून दोन वर्षं झालेली, पण दिग्दर्शक तोच. मधलं एक वर्ष तो पुण्याला राहून आला होता आणि येताना ही पद्धत घेऊन आला होता. कोंडाळ्यात एकच सिगरेट फिरवायची. ज्याच्या हातात सिगरेट, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. त्याला या पद्धतीचा फार अभिमान होता. म्हणायचा, यात लहानमोठा कुणी नाही, सगळ्यांना सारखी संधी आहे.

सगळ्यांना, म्हणजे ओढणाऱ्यांना. न ओढणारी त्यात मी एकटी होते. एकांकिकेतली दुसरी मुलगी नलिनी, ती मुख्य काम करायची, पण तालीम संपली की ओगलेवाडीची बस पकडून घरी जायची. मी हॉस्टेलवर राहत होते, म्हणून मला थांबता यायचं. आणि थांबणं भाग होतं, कारण भूषणदादाचा दुसरा नियम असा, की तालमीत चर्चा करायची नाही. तालमीत मी तोंड उघडलं की तो हात वर करायचा. "बाहेर बोलू." बाहेर आलं की सिगरेट. म्हणजे आत बोलायचं नाही आणि बाहेर बोलता येत नाही. एकांकिका लिहिली होती मी, आणि तिच्याबद्दल बोलायची मुभा सोडून सगळं मला मिळालं होतं. चहासुद्धा.

मी भूषणदादाला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "दादा, मला न ओढता बोलता येणार नाही का?"

तो हसला. "अगं, तुला कुणी अडवलंय? पण मग कोंडाळ्याला अर्थ काय राहिला? आज तू न ओढता बोललीस, उद्या कुणीही बोलंल."

एकांकिका माझ्या शकूमावशीची होती. शकूमावशीला नवऱ्यानं लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. आमच्या गावात एका खोलीत ती एकटी राहिली, बालवाडी चालवली. मला हॉस्टेलवर ठेवायला आमचे तात्या तयार नव्हते. मुलगी बाहेर राहिली की बिघडते, हे त्यांचं ठाम मत. मावशी त्यांच्यापुढं बसून राहिली. "पोरीला शिकू द्या. माझ्यावर भरोसा ठेवा," एवढंच म्हणत राहिली. शेवटी तात्या म्हणाले, काही कानावर आलं तर त्या दिवशी ट्रंक उचलून घरी आणीन. अशी मी कऱ्हाडला आले.

मावशीला सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी तिचा नवरा दारात आला. दुसरी बायको वारली होती, पोरं लहान होती, भाकरी थापायला कुणी नव्हतं. त्यानं पाणी मागितलं, तिनं तांब्या दिला. तो प्यायला आणि म्हणाला, चल. तिनं रिकामा तांब्या घेतला, घासला, पालथा घातला आणि दार लावून घेतलं. बस, एवढंच. गावातल्या बायका म्हणाल्या, शकू दगडाची आहे. मला ती गोष्ट आठवली की अंगावर काटा यायचा.

"लिहू का हे?" मी तिला विचारलं होतं.

"लिव की," ती म्हणाली. "पर झालं तसंच लिव. मला रडवू नको."

मी तसंच लिहिलं. शेवटी दोन मिनिटं रंगमंचावर एक शब्द नाही. फक्त तांब्या घासल्याचा आवाज आणि मग दाराची कडी. आणि या शेवटाचं काय करायचं, ते बापूच्या टपरीवर ठरत होतं. सुहासला सनई हवी होती. भूषणदादाला बाईनं कुंकू लावून नवऱ्यामागं जायला हवं होतं. परीक्षकांना आतून हलवायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अन्वर प्रकाशयोजना करायचा. तो झुरका घेऊन "मला काय न्हाई बोलायचं" म्हणायचा आणि पुढं सरकवायचा. त्याला बोलायचं नसायचं तरी त्याची वेळ यायची. माझी येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं. भूषणदादा म्हणाला, "तर मग ठरलं. ती कुंकू लावते, पिशवी उचलते आणि जाते." त्यानं सिगरेट अन्वरला दिली. अन्वरनं एक झुरका घेतला, "मला काय न्हाई" म्हणाला आणि हात सुहासकडे लांबवला. मी ती मध्येच काढून घेतली.

सुहास हसायला लागला. भूषणदादा हसला नाही, नुसता बघत राहिला. मी झुरका घेतला. घसा सोलून निघाल्यासारखा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. खोकले असते तर सगळे खिदळले असते आणि संपलं असतं, म्हणून मी खोकला गिळला. कसा गिळला ते माझं मला माहीत. मग मी बोलले.

"ती जात नाही," मी म्हणाले. "ती गेली तर एकांकिका लिहायची गरजच नव्हती. जाणाऱ्या बायका गल्लीगल्लीत आहेत. ही गेली नाही, म्हणून मी लिहिलंय. ती रडत नाही. सनई वाजत नाही. तांब्या घासते आणि दार लावते. परीक्षकांना हलायचं असेल तर हलतील, नसेल तर बसतील तसेच."

कुणी मध्ये बोललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तीन पुरुष माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प राहिले. मला त्या सिगरेटची चव मुळीच आवडली नव्हती, पण ते गप्प राहणं आवडलं. फार आवडलं.

"बरं," भूषणदादा म्हणाला. "विजूचा शेवट राहू दे."

त्यानंतर मी रोज ओढायला लागले. रोज काहीतरी वाचवायचं असायचंच. एक दिवस त्यांनी तांब्याऐवजी काचेचा ग्लास आणला, एक दिवस नवऱ्याच्या तोंडी लांबलचक पश्चात्ताप घातला. मी झुरका घ्यायची आणि ते काढायला लावायची. तालमी संपत आल्या तोवर मला खोकला येईनासा झाला होता, आणि संध्याकाळ झाली की हात आपोआप शिवशिवायला लागले होते.

गेल्या महिन्यात मी शिकवते त्या कॉलेजात व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं. पाहुणे म्हणाले, मुलं फॅशन म्हणून ओढतात, वाईट संगत लागते, सिनेमा बघून शिकतात. आणि मुली? मुली पुरुषांची बरोबरी करायला जातात. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मला तिथं उठून ओरडावंसं वाटलं. बरोबरी म्हणे. अरे बाबा, मला माझंच वाक्य पुरं करायचं होतं.

स्पर्धा सांगलीला होती. निघायच्या दोन दिवस आधी आवटे सरांनी मला बोलावलं. आवटे सर म्हणजे सांस्कृतिक विभागाचे प्रमुख. मी गेले तेव्हा भूषणदादा आधीच तिथं भिंतीला टेकून उभा होता.

"विद्युल्लता मोहिते," सर म्हणाले. पूर्ण नाव घेतलं तेव्हाच मी ओळखलं. "तू सिगरेट ओढतेस?"

"हो सर."

खोटं बोलेन असं त्यांना वाटलं असावं. ते जरा गडबडले. "लाज वाटत नाही सांगायला? चांगल्या घरची मुलगी तू. टपरीवर उभं राहून? उद्या पेपरात आलं तर कॉलेजचं नाव काय राहील?"

"सर, तिथं सगळेच ओढतात."

"ती मुलं आहेत."

"आणि परवा तुम्हीच तिथं सुहासच्या काडीवर पेटवलीत."

भूषणदादानं खिडकीबाहेर बघितलं. सरांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. त्यांनी टेबलावरचं पेपरवेट उचललं आणि परत ठेवलं.

"उलट बोलतेस? तुझ्या वडिलांना आत्ता निरोप धाडतो. मग बघू किती बोलतेस ते."

तात्या एका शब्दानं विचारणार नव्हते. ट्रंक उचलणार होते, बस. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. आणि मावशीनं माझ्यासाठी टाकलेला शब्द चारचौघांत धुळीला मिळाला असता.

"सर, जाऊ द्या," भूषणदादा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "पोरीचं वर्ष जाईल. तिला ग्रुपमधून बाजूला करा, तेवढं पुरे. लेखिका म्हणून नाव राहू दे तिचं. हक्काचं आहे."

मला त्या वेळी त्याचे आभार मानावेसे वाटले. मानलेसुद्धा. बाहेर आल्यावर मी त्याला म्हणाले, "दादा, शेवट तेवढा सांभाळ." तो म्हणाला, "वेडी आहेस का? तू बिनघोर राहा."

सांगलीला मी प्रेक्षक म्हणून गेले. शकूमावशी गावाहून परस्पर आली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती, पिशवीत माझ्यासाठी दशम्या होत्या. नाट्यगृहात ती पहिल्यांदाच येत होती. खुर्चीची बसायची जागा आपोआप वर उचलली जाते, हे बघून ती घाबरली आणि मग स्वतःलाच हसली.

"माझं काम करणारी पोरगी कुठली?" तिनं विचारलं.

"ओगलेवाडीची."

"तांब्या पितळी हाय न्हवं? माझा पितळी हुता."

"पितळीच आहे."

पडदा वर गेला. सुरुवात मी लिहिली तशीच होती. मावशी पुढं वाकून बघत होती. बालवाडीच्या प्रसंगाला ती हसली, माहेरच्या बोलण्यांना तिनं मान हलवली. नवरा दारात आला. पाणी मागितलं. नलिनीनं तांब्या दिला. मावशीनं माझा हात धरला.

मग सनई सुरू झाली.

नलिनी हुंदके देऊन रडायला लागली. नवऱ्यानं तिचे डोळे पुसले. तिनं आरशासमोर जाऊन कुंकू लावलं, कोपऱ्यातली पिशवी उचलली, नवऱ्यापुढं वाकून नमस्कार केला आणि त्याच्यामागून चालत निघून गेली. तांब्या तिथंच पडून होता. प्रकाश त्या तांब्यावर मंद होत होत विझला. सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवायला लागलं. आमच्या पुढच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मावशीनं माझा हात सोडला होता.

"मी न्हवते गेले गं," ती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला वाटलं, माझ्या लिहिण्यात काहीतरी चुकलंय आणि ते मला सांगितलं पाहिजे. मला बोलायचं होतं, पण तेवढ्यात माईकवरून नाव वाचलं गेलं. लेखिका, विद्युल्लता मोहिते. तिनं ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी निकाल लागला. लेखनाचं पहिलं पारितोषिक मला. परीक्षक म्हणाले, एवढ्या लहान वयात लेखिकेला क्षमेचा अर्थ कळलाय, शेवटी ती स्त्री निघते तेव्हा आमचेही डोळे ओलावले. मी उठत नव्हते.

"तुझं नाव घेत्यात. ऊठ," मावशी म्हणाली.

मी गेले. एका हातात ढाल दिली, दुसऱ्या हातात गुलाबाचं फूल. मी माईककडे वळले तर निवेदकानं माझ्या पाठीवर हात ठेवून मला हळूच पायऱ्यांकडे वळवलं. विजेत्यांनी बोलायची पद्धत नव्हती. पुढचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर नाट्यगृहाच्या फाटकाशी एक टपरी होती. तिथं कोंडाळं होतंच. मी सरळ तिथं चालत गेले. मावशी मागून येत होती.

"ये ये, लेखिका," भूषणदादा म्हणाला. त्याच्या हातात सिगरेट होती. "बघितलंस? मी सांगत होतो ना, परीक्षकांना हलवायला पाहिजे म्हणून. तुझा शेवट ठेवला असता तर ही ढाल मिळाली असती? आता रागावू नको. नाव तुझंच झालं की." त्यानं झुरका घेतला आणि सिगरेट अन्वरला दिली.

अन्वरनं ती घेतली. "मला काय न्हाई" असं तो म्हणेल म्हणून मी हात पुढं केला. त्यानं दिली नाही. खाली बघत एक झुरका घेतला, मग दुसरा.

"विजू," तो म्हणाला, "तू वढतीस ते आवटे सरांना भूषणदादानंच सांगितलं. मी तिथंच हुतो. म्हणला, ती कोंडाळ्यात असंस्तवर शेवट काय बदलता यायचा न्हाई."

"अन्वर..." भूषणदादा म्हणाला.

"माझ्या हातात हाय," अन्वर म्हणाला.

एवढे दिवस त्याला ठाऊक होतं आणि तो दिवे लावत राहिला. आज बोलला, ठीक. मी त्याचे आभार मानले नाहीत. आभार मानायची माझी हौस भागली होती. मी ढाल टपरीच्या फळीवर ठेवली आणि त्याच्या हातातून सिगरेट घेतली.

काय काय बोलायचं ठरवून आले होते. हरामखोर हा शब्द तर जिभेवर होता. पण मागं मावशी उभी होती आणि तिला अजून वाटत होतं, की शेवटी तिला नवऱ्यामागं मीच धाडली. मी झुरका घेतला आणि एकांकिकेचा शेवट सांगायला लागले. तोंड कोंडाळ्याकडे होतं, पण सांगत होते तिला.

"तो दारात आला," मी म्हणाले. "पाणी मागितलं. तिनं दिलं. तो प्यायला. म्हणाला, चल. ती रडली नाही. हे मी लिहिलं होतं. तिनं तांब्या घेतला आणि दार लावलं..."

"न्हाई," मागून आवाज आला. "दार मागनं लावलं. आधी तांब्या घासला."

सगळे वळून बघायला लागले. मावशी पिशवी पोटाशी धरून उभी होती.

"त्यो दारातच उभा हुता," ती म्हणाली. "त्याच्यादेखत घासला. राखेनं. घाई न्हवती मला. त्यो म्हणाला, शके, लोक काय म्हणतील? मी तांब्या पालथा घातला. मग म्हणलं, बाजूला व्हा, दार लावायचंय."

शेवटचं वाक्य तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सुहासनं खाली बघितलं. भूषणदादाचं तोंड अर्धवट उघडं होतं, पण तोही मध्ये बोलला नाही. सिगरेट माझ्या हातात जळत होती. मावशीच्या हातात पिशवी होती.

"झालं का तुझं?" तिनं मला विचारलं.

"झालं."

"मग टाक ते. गाडी चुकंल."

मी टाकली आणि चपलेनं चिरडली. ती तेवढी टाकली. पुढं सतरा वर्षं ओढत राहिले, कारण पुढंही जिथं जिथं काही ठरायचं, तिथं बाहेर कुठंतरी कोंडाळं असायचंच. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी स्टँडकडे निघालो. ढाल फळीवरच राहिली. मावशीनं बघितलं, पण आण म्हणाली नाही.

दहा पावलंही गेलो नसू, मागं काडी ओढल्याचा आवाज आला. भूषणदादानं नवी सिगरेट पेटवली होती.

"तर मी काय म्हणत होतो," तो म्हणाला, आणि बाकीचे ऐकायला लागले.